व्यायाम सुरू, दुखणेही सुरू

कंबरदुखी बारा आठवड्यांपलीकडे टिकली की तिला जुनाट म्हणतात. 2020 मध्ये जगभर सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती आणि 2050 पर्यंत हा आकडा 84 कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. त्यांतल्या सुमारे 90 टक्के लोकांच्या बाबतीत बोट ठेवता येईल असे एकच कारण सापडत नाही. ना मोडलेले हाड, ना गाठ, ना जंतुसंसर्ग. अशा दुखण्यावर पहिला उपाय म्हणून व्यायाम सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. त्याने गुण किती येतो, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. कॉक्रेन या संशोधन-आढावा घेणाऱ्या संस्थेने 2021 मध्ये 249 चाचण्या एकत्र तपासल्या. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचेच उपचार चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, व्यायाम करणाऱ्यांची वेदना 100 गुणांच्या पट्टीवर सरासरी 15 गुणांनी उतरली होती. म्हणजे 60 वरची वेदना 45 वर आली. उतार खराच, पण दुखणे उरलेच. तेव्हा नेमाने व्यायाम करूनही कंबर धरून बसणारा माणूस आळशी किंवा खोटारडा ठरत नाही. तो सरासरीतलाच असतो.

अमेरिकेत असा माणूस फार वेळा कायरोप्रॅक्टरकडे जातो. हाताने, बहुधा मणक्याच्या सांध्याला नेमका झटका देऊन उपचार करणाऱ्यांचा हा स्वतंत्र व्यवसाय आहे. पदवीसाठी किमान 4,200 तासांचे शिक्षण लागते आणि परवाना पन्नासही राज्यांत मिळतो. औषधे लिहून देणे आणि शस्त्रक्रिया करणे या गोष्टी सहसा त्याच्या कक्षेबाहेर असतात.

पुढचा संवाद न्यू जर्सीतल्या, भारतीय वस्ती दाट असलेल्या एखाद्या गावात काम करणाऱ्या दोन मराठी व्यावसायिकांमधला आहे. एक साठीकडे झुकलेला कायरोप्रॅक्टर, दुसरी त्याच्याहून लहान फिजिओथेरपिस्ट. चर्चेसाठी दोघांनी एक नमुन्याचा पेशंट घेतला आहे. वय 43, संगणक अभियंता, उठल्याउठल्या 24 सूर्यनमस्कार, आठवड्यातून चार दिवस जिम. तरी दोन वर्षे कंबर दुखते. बसून उठताना जास्त दुखते, पायात कळ जात नाही. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली दिसते. ऑफिसातले कोणीतरी म्हणाले आहे, 'मणका बसवून घे.'

फिजिओथेरपिस्ट : डॉक्टर, मला आधी ते 'बसवून घे'च खटकतं. मणका खरोखर सरकला असता तर हा माणूस जिमला जात नसता, इस्पितळात पडून असता.

कायरोप्रॅक्टर : मान्य. हाड जागेवर बसवतो असं मी कुणाला सांगत नाही. सांगणारे आहेत आणि ते कमीही नाहीत. आमच्या व्यवसायाची सुरुवातच त्या कल्पनेतून झाली, त्याला काय करणार?

ती सुरुवात आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावातली. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ हातातल्या चुंबकशक्तीने रोग बरे करतो असे सांगून दवाखाना चालवत असे. त्याच इमारतीत साफसफाईचे काम करणाऱ्या हार्वी लिलार्डला सतरा वर्षे जवळजवळ ऐकू येत नव्हते. 18 सप्टेंबर 1895 रोजी पामरने त्याच्या पाठीतला एक उंचवटा दाबून सारखा केला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामरचे सांगणे होते. कानाची नस कवटीच्या आतल्या आत मेंदूकडे जाते, पाठीच्या वाटेला जातच नाही. डॉक्टर मंडळींनी ही कथा पहिल्यापासून हसण्यावारी नेली ती त्यामुळेच. पामरने मात्र तीवर सिद्धान्तच उभारला, की 95 टक्के रोग मणके सरकल्याने होतात. 1897 मध्ये त्याने शाळा काढली. 1906 मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगातही जाऊन आला. मुलगा बी. जे. पामर बापापेक्षा धंद्यात वाकबगार निघाला. त्याने 1922 मध्ये चक्क एक रेडिओ केंद्र विकत घेतले. (रोनाल्ड रेगन यांनी निवेदक म्हणून उमेदवारी केली ती याच केंद्रावर.) कॅन्ससने 1913 मध्ये कायरोप्रॅक्टरांना परवाने देण्याचा कायदा केला आणि सर्वांत शेवटी, 1974 मध्ये, लुइझियानाने.

मधल्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायाला भोंदूगिरी ठरवले होते. 1963 मध्ये त्यासाठी खास समिती नेमली गेली. डॉक्टराने कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणे नीतीला सोडून आहे, असा दंडकच होता. 1976 मध्ये चेस्टर विल्क आणि आणखी चार कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले. 1987 मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेनडॅनर यांनी असोसिएशनला स्पर्धाविषयक कायद्याखाली बेकायदा कटाबद्दल दोषी ठरवले.

कायरोप्रॅक्टर : त्या निकालानंतर डॉक्टर उघडपणे आमच्याकडे पेशंट पाठवायला लागले. आज माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांतही आमची माणसं आहेत.

फिजिओथेरपिस्ट : निकाल बहिष्काराबद्दल होता, डॉक्टर. उपचाराने गुण येतो की नाही, हे ठरवायचं काम कोर्टाने अंगावर घेतलं नाही. ते चाचण्यांनीच ठरायला हवं.

चाचण्यांकडे वळण्याआधी झटक्यात नेमके काय होते ते पाहावे लागते. पेशंट कुशीवर झोपतो, वरचा गुडघा पोटाकडे घेतलेला आणि वरचा खांदा मागे वळवलेला. कायरोप्रॅक्टर एक हात खांद्यावर ठेवतो, दुसरा कमरेवर. कंबर पिळत पिळत सांधा त्याच्या नेहमीच्या हालचालीच्या टोकाशी नेतो, पेशंटला श्वास सोडायला सांगतो आणि तिथून पुढे अगदी थोड्या अंतराचा, पण चपळ झटका देतो. कट् असा आवाज येतो. पेशंटला वाटते, हाड खटकन जागेवर बसले. वास्तविक तो आवाज हाडाचा नसतोच. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटे मोडतानाचे एमआरआय चित्रण केले. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम विलग होतात त्या क्षणी आतल्या वंगणासारख्या द्रवात पोकळी तयार होते आणि आवाज तेव्हाच येतो, असे त्यात दिसले. मणक्याच्या मागच्या बाजूचे छोटे सांधेही याच प्रकारचे आहेत. एकदा मोडलेले बोट लगेच पुन्हा मोडत नाही, सुमारे वीस मिनिटे थांबावे लागते, हा सगळ्यांच्याच अनुभवातला भाग.

फिजिओथेरपिस्ट : स्वीडनमध्ये दहा पेशंटांच्या हाडांत धातूचे बारीक मणी बसवून माकडहाडाच्या बाजूच्या सांध्याची स्थिती झटक्याआधी आणि नंतर मोजली होती. 1998 चा अभ्यास. झटका देणाऱ्यांच्या हाताला सांधा 'बसल्याचं' जाणवलं. मोजमापात काहीही हललेलं नव्हतं. आणि तुम्ही म्हणता चौथ्या मणक्याला झटका देतो. आवाज कुठून आला ते यंत्राने टिपलं तर कंबरेत निम्म्या वेळा नेम चुकलेला असतो.

कायरोप्रॅक्टर : नेम चुकूनही पेशंटला बरं वाटतं, हेही त्याच अभ्यासकांच्या शेजारी बसणारे लोक सांगतात. नेमका सांधा शोधून दिलेला झटका आणि त्याच भागात कुठेही दिलेला झटका, यांत फारसा फरक पडत नाही. म्हणजे आमच्या गुरुजनांचा नकाशा चुकला असेल. परिणाम खोटा ठरत नाही.

फिजिओथेरपिस्ट : मग परिणाम कशाचा?

कायरोप्रॅक्टर : सांध्याभोवतीच्या आवरणाला आणि स्नायूंना अचानक ताण बसतो, त्यांच्याकडून मज्जारज्जूकडे संदेशांचा लोंढा जातो. आखडलेले स्नायू ढिले पडतात. दुखरी जागा दाबली तर आधीपेक्षा जास्त दाब सोसवतो. काही वेळ.

'काही वेळ' या दोन शब्दांशी फिजिओथेरपिस्टचे भांडण आहे आणि ते रास्त आहे. जुनाट दुखण्यात उपचाराची परीक्षा टेबलावरून उठताना करून चालत नाही, तीन महिन्यांनी करावी लागते.

फिजिओथेरपिस्ट : आमच्या आजोळी कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. तो दुखऱ्या जागेवरून पाय फिरवायचा. चार दिवसांत उसण उतरायची. न फिरवता पण उतरली असती! ताज्या कंबरदुखीचं असंच असतं, पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांना आपोआप उतार पडतो. श्रेय त्या आठवड्यात जो समोर असेल त्याला.

कायरोप्रॅक्टर : आणि जुनाट दुखण्यात माणूस सगळ्यात वाईट दिवसांत आमच्याकडे येतो, पुढचे दिवस तसेही बरेच असतात. माहीत आहे मला. म्हणून तर तुलना करायची. 2004 ची ब्रिटनमधली चाचणी बघा, नुसत्या आमच्या लोकांची नाही. तिच्यात कायरोप्रॅक्टर होते, ऑस्टिओपॅथ होते आणि तुमचे फिजिओही होते.

ही चाचणी या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. 'बीम' या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात कंबरदुखीचे 1,334 पेशंट होते. एका गटाला फॅमिली डॉक्टरची चांगली देखरेख मिळाली, दुसऱ्याला तिच्या जोडीला व्यायामवर्ग, तिसऱ्याला हाताचे उपचार आणि चौथ्याला आधी सहा आठवडे हाताचे उपचार आणि मग सहा आठवडे व्यायाम. नुसत्या व्यायामाचा फायदा तीन महिन्यांनी थोडासा दिसला आणि वर्षाअखेर उरला नाही. नुसत्या हाताच्या उपचारांचा फायदा तीन महिन्यांनी थोडा ते मध्यम होता आणि वर्षाने थोडा टिकून होता. हाताचे उपचार आधी आणि व्यायाम नंतर, या गटाला तीन महिन्यांनी मध्यम आणि वर्षाने थोडा फायदा झाला. कोणत्याही गटात चमत्कार घडला नाही. पण ज्याचा नुसता व्यायाम चालू आहे आणि दुखणे हटत नाही, त्याच्यासाठी यातला क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

2018 मध्ये अमेरिकी लष्करातल्या 750 जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ही तर अंगमेहनतीत कसलेली माणसे. नेहमीच्या उपचारांना कायरोप्रॅक्टिकची जोड मिळालेल्यांचे दुखणे सहा आठवड्यांनी नुसते नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी होते. पुढच्याच वर्षी 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. जुनाट कंबरदुखीत मणक्याच्या झटक्याचा परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच असतो, वेदनेच्या बाबतीत त्यांच्याहून सरस नाही, असे त्यात दिसले. मार्गदर्शक सूचनांचाही सूर असाच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 मध्ये गोळ्यांच्या आधी करून पाहायच्या उपायांत मणक्याचा झटका धरला, पुरावा कमी दर्जाचा आहे हे नोंदवून. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2016 मध्ये तो फक्त व्यायामाच्या जोडीने द्यावा असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये त्याला सशर्त मान्यता दिली.

फिजिओथेरपिस्ट : लष्कराच्या चाचणीत कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं. साखरेची गोळी दिली तर पेशंटला कळत नाही. खोटा झटका कसा देणार? कुणी कंबरेवर प्रेमाने हात ठेवून तुमचं दुखणं नीट ऐकून घेतलं तरी दहा गुण उतरतात.

कायरोप्रॅक्टर : हा आक्षेप व्यायामालाही लागू आहे, ताई. खोटा व्यायाम तरी कुठे देता येतो? आणि विषय निघालाच आहे तर, तुमच्या दवाखान्यांतलं अल्ट्रासाउंड आणि करंट? त्याच नाइसच्या 2016 च्या यादीत कंबरदुखीसाठी ते 'देऊ नये' असं लिहिलंय. पुण्या-मुंबईत आजही पहिली पंधरा मिनिटं शेक, मग करंट.

फिजिओथेरपिस्ट : हो, देतात. पेशंट मागतो आणि मशिनचे हप्ते फेडायचे असतात. त्यात बचाव करण्यासारखं काही नाही. पण झटका ही तुमची मक्तेदारी नाही हेही ऐका. आमच्याकडे सांधा हलवण्याच्या चार श्रेणी शिकवतात आणि झटका ही पाचवी.

इथवर दोघांमधले अंतर पुष्कळ कमी झालेले दिसते. हाडे बसवण्याची कल्पना दोघांनीही सोडली आहे, झटक्याने थोडा आणि तात्पुरता उतार पडतो हे दोघांनाही मान्य आहे. खरा मतभेद पुढे आहे. व्यायाम करूनही दुखते, तेव्हा आधी कशात हात घालायचा? कंबरेत की व्यायामात?

फिजिओथेरपिस्ट : मी त्याला टेबलावर झोपवण्याआधी त्याचा दिवस विचारीन. उठतो किती वाजता? साडेपाच. सूर्यनमस्कार? उठल्यावर लगेच, दहा मिनिटांत. इथेच मी थांबेन.

रात्रभर आडवे राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणसाची उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी जास्त भरते, ती यामुळे. फुगलेली गादी ताठ असते आणि पुढे वाकताना तिच्यावर नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त ताण येतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात ती बरीच ओसरते. 1998 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढेच सांगितले होते, की सकाळी उठल्यावर पहिले दोन तास कंबरेतून वाकू नका. तेवढ्याने दुखण्याचे दिवस कमी झाले. एका सूर्यनमस्कारात हस्तपादासन दोनदा येते. चोवीस नमस्कारांत पुढे वाकणे झाले 48 वेळा आणि तेही गादी सर्वांत फुगलेली असताना. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी महाराष्ट्राला लावलेली ही सवय मोडण्याचे कारण नाही. ती दोन तास पुढे ढकलली तरी पुरते.

फिजिओथेरपिस्ट : मग जिम. डेडलिफ्ट करतो का, वजन कसं वाढवलं? दोन आठवडे सुट्टी घेऊन परत आला की जुन्याच वजनापासून सुरू करतो का? बहुतेक पुरुष करतात. मध्ये नऊ तास खुर्ची. रात्री झोप किती? पाच तास झोपणाऱ्याची वेदना नुसत्या व्यायामाने उतरत नाही. त्याचा व्यायाम कमी नाहीये, चुकीच्या वेळी आणि चुकीच्या मापाने आहे.

कायरोप्रॅक्टर : आणि एमआरआय?

फिजिओथेरपिस्ट : त्यानेच अर्धं नुकसान केलंय. चाळिशीतल्या ज्यांना काहीही दुखत नाही अशांचे एमआरआय काढले तर निम्म्यांच्या गाद्या अशाच बाहेर आलेल्या दिसतात. याला 'स्लिप डिस्क' ऐकवलं गेलं, तेव्हापासून तो बूटसुद्धा घाबरत घालतो. घाबरून ताठ ठेवलेली कंबर जास्त दुखते.

कायरोप्रॅक्टर : पटलं सगळं. पण तुम्ही सांगितलेला बदल तो करायला घेतो आणि चौथ्या दिवशी दुखतं म्हणून सोडून देतो. तुमच्याकडची गळती तुम्हालाच माहीत. मला तिथे दोन-तीन आठवडे द्या. दुखणं थोडं खाली आलं आणि वाकता येतं हे त्याला कळलं, की तुमचा व्यायाम त्याच्या पचनी पडेल. झटका मी मोकळीक मिळवण्यासाठी देतो. त्या मोकळिकीत काय करायचं ते तुम्ही शिकवा.

फिजिओथेरपिस्ट : असं म्हणणारा कायरोप्रॅक्टर असेल तर माझं भांडणच नाही.

तरीही टेबलावर झोपवण्याआधी काही गोष्टी चाळून काढाव्या लागतात आणि या चाळणीत दोघांनीही हयगय केली तर माणूस आयुष्यभरासाठी अडतो. नियमित व्यायाम करणाऱ्यांत सर्वांत जास्त निसटतो तो मणक्याचा सांधेवात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. तो बहुधा चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होतो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो, उत्तररात्री दुखण्याने जाग येते आणि नेमके व्यायामानेच बरे वाटते, विश्रांतीने वाढते. असा माणूस वर्षानुवर्षे 'मी व्यायाम करतो म्हणून निभावतंय' असे सांगत राहतो. त्याला संधिवाततज्ज्ञ आणि औषधे हवी असतात. ज्याचे मणके एकमेकांत सांधले जाऊ लागले आहेत त्याला झटका देणे धोक्याचे. वेगवान गोलंदाज आणि जिम्नॅस्ट यांच्या कंबरेत मणक्याच्या मागच्या कमानीला ताणाची बारीक चीर पडते. मागे वाकताना दुखते आणि खेळ थांबवल्याशिवाय ती भरत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारे वजन आणि रात्रीचे दुखणे असेल तर भारतीय माणसाच्या बाबतीत मणक्याचा क्षयरोग डोक्यात यायलाच हवा, तो न्यू जर्सीत राहत असला तरी. कर्करोग होऊन गेलेला असणे, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेले असणे, म्हातारपणी ठिसूळ झालेली हाडे, ही झटका न देण्याची आणखी कारणे. आणि मांड्यांच्या मधल्या, खोगिराला टेकणाऱ्या भागात बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, तर थेट तातडीच्या विभागात जायचे. शेपटासारख्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असतो आणि तिथे तास मोजले जातात.

मानेचा विषय वेगळा काढावा लागतो.

फिजिओथेरपिस्ट : कंबरेपुरतं मी तुमच्याशी जुळवून घेतलं. मानेला दिलेला झटका मला मान्य नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. त्यांचा आतला पदर फाटला की गुठळी, गुठळी सुटली की पक्षाघात. तोही तिशी-चाळिशीत.

कायरोप्रॅक्टर : फार विरळा. कॅनडातल्या ओंटारिओत नऊ वर्षांच्या नोंदी तपासून 2008 मध्ये अभ्यास आला. असा पक्षाघात झालेले तरुण पेशंट त्याआधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेले होते, हे खरं. पण फॅमिली डॉक्टरकडे जाऊन आलेल्यांतही तेवढाच संबंध दिसला. म्हणजे धमनी आधीच फाटायला लागलेली असते, मान आणि डोकं दुखतं, म्हणून माणूस कोणाकडे तरी जातो.

फिजिओथेरपिस्ट : तेच तर म्हणते मी. फॅमिली डॉक्टर ती मान पिळत नाही! आधीच फाटू लागलेल्या धमनीचा माणूस तुमच्या टेबलावर येतो आणि नुसता हात लावून ते तुम्हाला कळत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2014 च्या निवेदनात हा संबंध कारणाचा आहे असे सिद्ध मानलेले नाही, पण झटक्याआधी पेशंटला त्याची कल्पना द्यावी असे म्हटले आहे. मानेच्या दुखण्यावर झटक्याविना, सांधा हळूहळू हलवून साधारण तेवढाच गुण येतो. धोका कितीही लहान असो, तो पत्करून हाती जास्त काही लागत नसेल तर तो का पत्करावा? या मुद्द्यावर फिजिओथेरपिस्टचे पारडे जड आहे. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून देणाऱ्या न्हाव्यालाही हेच लागू पडते. तिथे तर कोणी काही विचारतही नाही.

कंबर, मान आणि काही डोकेदुखी यांच्यापलीकडे, लहान मुलांचा दमा, कानाचे आजार, पोटातली कळ वगैरेंवर हा उपचार चालतो असे सांगणे म्हणजे पामरच्या 95 टक्क्यांकडे परत जाणे. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने 2008 मध्ये असल्या दाव्यांवर लिहिले, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला आणि 2010 मध्ये तो मागे घेतला. तोवर या प्रकरणाने ब्रिटनमधला बदनामीचा कायदा बदलण्याच्या मागणीला जोर आणला होता.

आता उरतो पैशाचा आणि भेटींच्या संख्येचा प्रश्न.

फिजिओथेरपिस्ट : पहिल्याच दिवशी एक्स-रे, भिंतीवर वाकड्या कण्याचं चित्र, आणि चाळीस भेटींचं पॅकेज, आगाऊ भरलं तर सवलत. हे तुमच्या गल्लीत चालतं, डॉक्टर.

कायरोप्रॅक्टर : चालतं. मला त्याची लाज वाटते. पण किती भेटी, याला उत्तर आहे. 2014 मध्ये 400 जणांवर सहा, बारा, अठरा भेटी आणि एकही नाही अशी तुलना झाली. बारा भेटींनी सगळ्यात बरा गुण आला, अठरांनी जास्त काही मिळालं नाही.

फिजिओथेरपिस्ट : आणि बारा आणि सहा यांतला फरक?

कायरोप्रॅक्टर : लहान. म्हणून मी सहा भेटी सांगतो, तीन आठवड्यांत. काहीच बदल नसेल तर थांबायचं. बदल असेल तर आणखी सहा. पण कायमची देखभाल म्हणजे सरसकट लूट, असंही म्हणू नका. स्वीडनमध्ये 2018 मध्ये पुन्हापुन्हा कंबर धरणाऱ्या 328 जणांवर चाचणी झाली. दुखेल तेव्हाच येणाऱ्यांपेक्षा ठरवून अधूनमधून येणाऱ्यांना वर्षात त्रासाचे 13 दिवस कमी झाले.

फिजिओथेरपिस्ट : पहिल्या उपचाराने ज्यांना चांगला गुण आला होता, त्यांनाच त्या चाचणीत घेतलं होतं. तेवढं सांगायचं राहिलं.

अमेरिकेची मेडिकेअर ही ज्येष्ठांची विमायोजना मणक्याच्या झटक्याचे पैसे देते, देखभालीचे देत नाही आणि कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचेही देत नाही. खासगी विमा भेटींची संख्या बांधून देतो. त्यामुळे तिथल्या पेशंटपुढे निदान कोणीतरी मोजदाद करणारा असतो.

नमुन्याच्या अभियंत्याचे अखेर असे ठरले. सांधेवाताची लक्षणे नाहीत, ताप नाही, पायात बळ पूर्ण आहे, म्हणून आणखी तपासण्या नकोत. सूर्यनमस्कार सकाळी आठनंतर, पहिले तीन आठवडे बारा. डेडलिफ्ट बंद न करता निम्म्या वजनावर आणि कंबरेऐवजी खुब्यातून वाकायला शिकून. चालणे रोज. खुर्चीतून दर पाऊण तासाने उठणे. कंबरेच्या झटक्याच्या सहा भेटी, मानेला हात नाही. वेदनेचे गुण आणि किती मिनिटे बसवते, हे दर रविवारी लिहून ठेवायचे. सहा भेटींनंतर 100 च्या पट्टीवर निदान 15 गुणांचा फरक नसेल तर कायरोप्रॅक्टरने त्याला स्वतःहून थांबवायचे. फिजिओथेरपिस्टला या सहा भेटीही गरजेच्या वाटत नव्हत्या आणि तिने ते बोलूनही दाखवले.

याच माणसाचा भाऊ पुण्यात असेल तर मात्र चित्र बदलते. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र कायदा नाही आणि परवाना देणारी परिषदही नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी 2002 च्या राज्य कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेकडे होते. तिथे नाव पाहता येते, तक्रारही नेता येते. कायरोप्रॅक्टरची पाटी मात्र परदेशात चार-पाच वर्षे शिकून आलेलाही लावतो आणि आठवड्याचा कोर्स केलेलाही. कॉलरजवळ माइक धरून कडकड आवाज टिपणारे, गळ्यात पट्टा अडकवून मान ओढणारे रील पाहून गर्दी जमते ती दोघांकडेही. गावोगावच्या हाडवैद्यांची परंपरा जुनी असल्यामुळे हाताने हाड बसते हा विश्वास इथे तयारच आहे. पुण्यातल्या त्या भावाने पाटीखाली उभे राहून विचारायचे ते एवढेच : पदवी कुठल्या कॉलेजची आणि किती वर्षांची, मानेला झटका देणार का, व्यायाम कोण शिकवणार, आणि गुण आला नाही तर कितव्या भेटीला थांबणार.